पाटी लंडनची, मालक कुठला?

"घरबसल्या लंडनमध्ये लिमिटेड कंपनी काढा. व्हिसा नको, तिकडे जाणं नको, २४ तासांत सर्टिफिकेट!" ही जाहिरात तुमच्याही मोबाईलवर एकदा तरी येऊन गेली असेल. फ्रीलान्सिंग करणारी पोरं, ऑनलाइन माल विकणारे, अ‍ॅप बनवणारे असे बरेच जण त्या वाटेने जातायत. हे खरं असतं का, आणि यात काही लफडं आहे का, असे दोन प्रश्न नेहमी येतात. पहिल्याचं उत्तर सोपं आहे : खरं असतं. दुसऱ्यासाठी जरा मागे जावं लागेल, कारण परक्या माणसाला इंग्लंडात कंपनी नोंदवू देण्याची ही सोय इंटरनेटने आणलेली नाही. ती १८५६ सालची आहे. आणि गेली जवळपास पावणेदोनशे वर्षं तिच्यावरून भांडणं चालू आहेत.

त्याआधी मर्यादित जबाबदारीची कंपनी काढायची म्हणजे राजाची सनद तरी लागायची, नाहीतर पार्लमेंटचा खास कायदा. आपली मुंबई-ठाणे गाडी सुरू करणारी जीआयपी रेल्वे घ्या. तिच्यासाठी १८४९ साली ब्रिटिश पार्लमेंटने स्वतंत्र कायदा केला होता. एवढी ओळख आणि पैसा नसलेल्या बाकी सगळ्यांनी भागीदारीत धंदा करायचा. भागीदारीत धंदा बुडाला की घेणेकरी थेट तुमच्या घरात शिरणार, भांडीकुंडी सोडणार नाहीत. दादाभाई नौरोजी १८५५ साली मुंबईची प्राध्यापकी सोडून कामा मंडळींच्या पेढीत भागीदार म्हणून इंग्लंडला गेले, ती पेढी याच प्रकारातली. योगायोग असा की त्याच १८५५ साली पार्लमेंटने मर्यादित जबाबदारीचा कायदा केला. म्हणजे कंपनी बुडाली तर भागधारकाचे शेअरमध्ये घातलेले पैसे जातील, घरदार नाही. पण त्यात किमान २५ सभासदांची अट होती. पुढच्याच वर्षी, १८५६ ला, रॉबर्ट लो या मंत्र्याने कायदा पुन्हा लिहिला आणि आकडा सातवर आणला. सात जणांनी कागदावर सह्या करा, रजिस्ट्रारकडे द्या, कंपनी जन्माला आली. सरकारची परवानगी नाही, किमान भांडवलाची अट नाही. १८६२ साली हेच सगळं एका मोठ्या कंपनी कायद्यात बसवलं गेलं.

यात एक गोष्ट लिहिलीच नव्हती, आणि सगळा इतिहास त्या न लिहिलेल्या गोष्टीचा आहे. सात जण इंग्लिश असावेत, असं कायद्यात कुठेच नव्हतं.

हे सगळ्यात आधी कळलं फ्रेंचांना. फ्रान्समध्ये तेव्हा अशी कंपनी काढायला सरकारची मंजुरी लागायची, फायली वर्षानुवर्षं फिरायच्या. (ओळखीचं वाटतंय ना?) १८६२ साली ब्रिटन आणि फ्रान्सचा करार झाला की एकमेकांच्या कंपन्यांना मान्यता द्यायची. झालं! पॅरिसचे व्यापारी हिशेब करायला लागले : धंदा पॅरिसमध्ये, माणसं पॅरिसची, मग नोंदणी तेवढी लंडनला करून आलो तर? आपले लोक परक्या कायद्याखाली पळतायत म्हटल्यावर फ्रेंच सरकारला हलावं लागलं. १८६३ साली त्यांनी छोट्या कंपन्यांसाठी मंजुरीची अट काढली आणि १८६७ साली सगळ्यांसाठीच. त्यामागे लंडनचं दार हे एकमेव कारण नव्हतं, पण मोठं होतं. ही घटना लक्षात ठेवा, एकशे चाळीस वर्षांनी ती जशीच्या तशी पुन्हा घडणार आहे.

१८७१ साली हा मुद्दा हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे म्हणजे तिथल्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला. परदेशी माणसांनी परदेशात धंदा करण्यासाठी लंडनला एक कंपनी नोंदवली होती. ती बुडीत निघाल्यावर प्रश्न उभा राहिला की मुळात अशी कंपनी इंग्लिश कायद्याखाली होऊ शकते का? खटल्यात एका बाजूला जर्मनीतल्या रॉइस घराण्याची राजकन्या होती, म्हणून वकील मंडळी आजही त्याला 'प्रिन्सेस ऑफ रॉइस'चा खटला म्हणतात. लॉर्ड्सनी सांगितलं, कंपनी वैध आहे. सभासद परके असले, धंदा परदेशात असला, तरी नोंदणी नियमाने झाली की ती इंग्लिश कंपनी. विषय संपला.

पुढे १८९६ मध्ये सॉलोमन नावाच्या चपला-बूट बनवणाऱ्या व्यापाऱ्याच्या गाजलेल्या खटल्याने त्यावर कळस चढवला. त्याच्या कंपनीचे २०,००७ शेअर. पैकी २०,००१ त्याचे स्वतःचे आणि बाकीचे सहा बायको आणि पाच मुलांना एकेक. सात आकडा भरला! लॉर्ड्स म्हणाले, तरीही कंपनी वेगळी आणि सॉलोमन वेगळा. कंपनी ही कायद्याच्या नजरेत स्वतंत्र व्यक्ती आहे, तिच्या मागे कोण उभा आहे ते बघायचं नाही.

बघायचं नाही, हे शांततेच्या काळात ठीक असतं. १९१४ ला पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि डोळे उघडावे लागले.

हा किस्सा सविस्तर सांगण्यासारखा आहे. जर्मनीतल्या हॅनोव्हर शहरातली कॉन्टिनेन्टल ही टायर कंपनी तुम्हाला माहीत असेल, आजही गाड्यांना तिचे टायर असतात. तिने १९०५ मध्ये ब्रिटनमध्ये माल विकण्यासाठी लंडनला एक लिमिटेड कंपनी नोंदवली. शेअर २५,०००. त्यातले बहुतेक हॅनोव्हरच्या मूळ कंपनीकडे, उरलेले जर्मनीत राहणाऱ्या जर्मन लोकांकडे. फक्त एक शेअर कंपनीच्या सेक्रेटरीच्या नावावर होता. हा गृहस्थ जन्माने जर्मन, पण रीतसर ब्रिटिश नागरिक झालेला आणि इंग्लंडातच राहणारा. संचालक सगळे जर्मन. या कंपनीने डेमलर या इंग्लिश मोटार कंपनीला टायर विकले होते, त्याचे साडेपाच हजार पौंडांच्या आसपास येणं होतं. युद्ध सुरू झाल्यावर शत्रूशी व्यवहार करणं गुन्हा ठरला. तरी सेक्रेटरीने डेमलरवर वसुलीचा दावा ठोकला. डेमलर म्हणाली, आम्ही पैसे दिले तर ते शत्रूला दिल्यासारखं होईल, उद्या आम्हीच तुरुंगात.

खालच्या कोर्टांनी सॉलोमनचा नियम लावला. कंपनी इंग्लंडात नोंदलेली म्हणून इंग्लिश, तिचे पैसे द्या. तर्काला धरूनच होतं ते. पण बाहेर खंदकांत रोज हजारो पोरं मरत होती, आणि इंग्लिश कोर्ट एका जर्मन मालकीच्या कंपनीला इंग्लिश पैसे देऊ करत होतं. १९१६ साली लॉर्ड्सनी हा निकाल फिरवला. एक कारण तांत्रिक होतं : सगळे संचालक शत्रूदेशात अडकलेले असताना एकट्या सेक्रेटरीला कंपनीच्या नावाने दावा करण्याचा अधिकारच नव्हता. पण बहुमताने त्यांनी त्यापुढे जाऊन सांगितलं की कंपनी कागदोपत्री इंग्लिश असली तरी तिचा ताबा ज्यांच्या हातात आहे ती माणसं शत्रू असतील, तर कंपनीही शत्रूच समजली जाईल. म्हणजे पडदा बाजूला करून मागे कोण आहे ते बघायचं. दोन न्यायमूर्तींना हे पटलं नव्हतं, हेही सांगायला हवं.

१९१७ साली लगेच आणखी एक कायदा आला. संचालक ब्रिटिश नसेल तर त्याचं राष्ट्रीयत्व जाहीर करायचं, अगदी कंपनीच्या लेटरहेडवरसुद्धा. पण एवढी खुन्नस असतानाही ब्रिटिशांनी परक्यांना नोंदणीच बंद केली नाही. दार उघडंच ठेवलं, फक्त दारावर नाव लिहायला लावलं. मला यात त्यांचा व्यापारी स्वभाव दिसतो. युद्ध आज आहे उद्या संपेल, गिऱ्हाईक कायमचं तोडायचं नाही.

गिऱ्हाईक न तोडण्याचा हा स्वभाव करांच्या बाबतीत तर भलताच पुढे गेला. 'इजिप्शियन डेल्टा लँड' नावाची कंपनी १९०४ साली लंडनला नोंदली गेली. जमिनी इजिप्तमध्ये. १९०७ मध्ये तिने सगळा कारभार कैरोला हलवला. संचालक तिकडे, बैठका तिकडे, बँक तिकडे. लंडनला उरलं काय? कायद्याने लागणारा एक पत्ता, आणि रजिस्टर सांभाळायला व फॉर्म भरायला पगारी ठेवलेला एक माणूस. ब्रिटिश आयकर खात्याने कर मागितला. १९२९ साली लॉर्ड्सनी निकाल दिला की ज्या कंपनीचा कारभार बाहेरून चालतो ती इथली रहिवासी नाही, तिला इथला कर लागू नाही. आज ज्याला आपण 'टॅक्स हेवन' म्हणतो त्याच्या जन्माच्या कथा सांगताना बरेच अभ्यासक केमन आणि बहामाच्या आधी याच निकालाकडे बोट दाखवतात. आणि तो पत्ता सांभाळणारा लंडनमधला माणूस? आज महिन्याला काही पौंड घेऊन 'रजिस्टर्ड ऑफिस अ‍ॅड्रेस' विकणाऱ्या एजन्सींचा तो खापरपणजोबा. ही पळवाट बुजवायला ब्रिटनला १९८८ साल उजाडलं. तेव्हापासून ब्रिटनमध्ये नोंदलेली कंपनी ही साधारणपणे ब्रिटनच्या करासाठी रहिवासीच धरली जाते. इंस्टाग्रामवरचे सल्लागार "यूके कंपनीला टॅक्स नाही" म्हणतात, त्यांनी हे साल पाठ करायला हरकत नाही.

आता १९९२. डेन्मार्कमधलं एक नवराबायको. त्यांना वाइन आयात करण्याचा छोटा धंदा करायचा होता. डेन्मार्कच्या कायद्यानुसार छोट्या कंपनीलाही किमान २ लाख क्रोनर भांडवल लागायचं. एवढे कुठून आणणार? त्यांनी इंग्लंडात 'सेन्ट्रोस लिमिटेड' नोंदवली. भांडवल १०० पौंड, तेही प्रत्यक्ष भरलेले नाहीत. पत्ता कुणाचा, तर नवऱ्याच्या तिथल्या एका मित्राच्या घराचा! इंग्लंडात धंदा शून्य. मग डेन्मार्कच्या कंपनी खात्याकडे अर्ज केला की आमच्या इंग्लिश कंपनीची इथे शाखा काढतो. खात्यातल्या बाबूंनी ओळखलं की ही शाखा नाही, हीच कंपनी आहे, भांडवलाची अट चुकवायला लंडनहून वळसा घातलाय. अर्ज फेटाळला. त्या जोडप्यानेही लपवलं नाही. सरळ कबूल केलं की हो, अट चुकवण्यासाठीच केलंय.

प्रकरण युरोपीय न्यायालयात गेलं आणि ९ मार्च १९९९ ला निकाल लागला : जोडपं जिंकलं. युरोपीय संघाच्या नागरिकाला कुठल्याही सदस्य देशात जाऊन, ज्याचा कायदा सोयीचा वाटेल तिथे कंपनी काढायचा हक्क आहे, आणि तेवढ्याने तो लबाड ठरत नाही. फसवणूक झाली असेल तर त्या फसवणुकीवर कारवाई करा, नोंदणी नाकारू नका. हा निकाल मला तरी योग्य वाटतो. ज्याच्याकडे २ लाख क्रोनर नाहीत त्याने धंदाच करू नये, हा कुठला न्याय? आणि किमान भांडवलाने घेणेकऱ्याचं खरंच रक्षण होतं का? एकदा भरलेले पैसे वर्षभरात पगार-भाड्यात उडून जातात.

मग जे व्हायचं ते झालं. जर्मनीत तेव्हा जीएमबीएच म्हणजे तिकडची प्रायव्हेट लिमिटेड काढायला २५,००० युरो भांडवल आणि नोटरीकडे खेटे. इंग्लिश लिमिटेड एका पौंडात. २००३ ते २००६ या काळात युरोपातल्या इतर देशांतून ब्रिटनमध्ये ६७,००० हून जास्त लिमिटेड कंपन्या नोंदल्या गेल्या, असा संशोधकांचा हिशेब आहे. त्यातल्या ४१,००० च्या पुढे एकट्या जर्मनीच्या! सुतार, न्हावी, कॉम्प्युटर दुरुस्तीवाले, सगळे 'लिमिटेड' झाले. नुसते छोटेच नाहीत, एअर बर्लिनसारख्या विमान कंपनीनेही ब्रिटिश पीएलसीचं रूप घेतलं होतं. शेवटी जर्मन सरकारने १८६०च्या दशकातल्या फ्रान्ससारखंच केलं. १ नोव्हेंबर २००८ पासून एका युरोत काढता येईल अशी नवी छोटी कंपनी आणली. अट एवढीच की दरवर्षीच्या नफ्यातला चौथा हिस्सा बाजूला टाकत जायचा, २५,००० होईपर्यंत. हा मधला मार्ग शहाणपणाचा होता. नेदरलँड्सने तर २०१२ मध्ये किमान भांडवलच काढून टाकलं.

ज्यांनी इंग्लिश लिमिटेड तशीच ठेवली त्यांचं काय झालं? ब्रेक्झिट झालं! २०२० च्या ३१ डिसेंबरनंतर इंग्लिश कंपनीला युरोपीय संघाचं छत्र उरलं नाही. जर्मन कायदा म्हणतो, कंपनीचा खरा कारभार जिथे चालतो तिथली ती. म्हणजे कारभार जर्मनीत असलेली 'लिमिटेड' ही जर्मनीच्या लेखी लिमिटेड राहिलीच नाही. एकटा मालक असेल तर ते त्याचं खासगी दुकान, दोघं-तिघं असतील तर साधी भागीदारी. आणि भागीदारीत काय होतं ते वर दादाभाईंच्या वेळचं सांगितलंच आहे. जर्मनीने आधी सूचना दिल्या, कंपनीचं रूपांतर करायची सवलतही दिली. ज्यांनी टाळाटाळ केली, त्यांच्या डोक्यावरचं मर्यादित जबाबदारीचं छप्पर ब्रिटनमधल्या एका मतदानामुळे गेलं. परक्या कायद्याच्या घरात भाड्याने राहण्यातला धोका यापेक्षा स्पष्ट कुठे दिसणार नाही.

आता दुसरी बाजू, जिच्यामुळे 'लफडं' हा शब्द येतो. २४ तासांत, १२ पौंडांत, कुठलाही ओळखीचा पुरावा न देता कंपनी मिळते म्हटल्यावर फक्त वाइन विकणारं जोडपं येणार नाही ना. डान्स्के बँकेच्या एस्टोनियातल्या शाखेतून २००७ ते २०१५ या काळात सुमारे २०० अब्ज युरोंचे संशयास्पद व्यवहार गेले, त्यात ब्रिटनमध्ये नोंदलेल्या संस्थांची रांग होती. बँकेतल्याच एका अधिकाऱ्याने सहज म्हणून ब्रिटनच्या कंपनी रजिस्टरवर एका खातेदार संस्थेचा हिशेब उघडून बघितला. खात्यातून लाखोंची उलाढाल, आणि रजिस्टरवर लिहिलेलं, संस्था निष्क्रिय आहे. तिथून प्रकरण फुटलं. रजिस्टर सगळ्यांना फुकट बघता येतं, हा त्यातला चांगला भाग. त्यावर काय लिहिलंय ते कुणी तपासतच नव्हतं, हा वाईट.

एका व्यावसायिकाने तर हे दाखवून द्यायला मुद्दाम एका मंत्र्याचं नाव संचालक म्हणून टाकून कंपनी नोंदवली. नोंदणी झाली! त्याने स्वतःच जाऊन सांगितलं की बघा, किती सोपं आहे. २०१८ साली खोटी माहिती दिली म्हणून खटला कुणावर झाला? त्याच्यावरच. दंड आणि खर्च मिळून १२,००० पौंडांच्या वर गेले. आणि ज्या कार्डिफ शहरात कंपनी नोंदणीचं मुख्य ऑफिस आहे, तिथेच एका माणसाच्या घरी काही वर्षांपूर्वी करखात्याच्या पत्रांचे ढीग यायला लागले. चौकशीत कळलं की ११,००० हून जास्त चिनी कंपन्यांनी व्हॅटसाठी त्याच्या फ्लॅटचा पत्ता दिला होता.

म्हणून २०२३ मध्ये ब्रिटनने कायदा बदलला. मार्च २०२४ पासून रजिस्ट्रारला शंका घ्यायचा, अर्ज परत पाठवायचा अधिकार मिळाला. याआधी तो फक्त शिक्का मारायचा! नुसता पोस्टबॉक्स पत्ता म्हणून चालत नाही. १२ पौंडांची फी मे २०२४ ला ५० झाली. आणि १८ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या संचालकाला आपली ओळख पटवून देणं सक्तीचं झालं, जुन्यांना त्यासाठी वर्षभराची मुदत. तरी परक्याला बंदी नाहीच. ब्रिटनमध्ये राहणारा एकही संचालक नसला तरी चालतं. सिंगापूरला किमान एक स्थानिक रहिवासी संचालक लागतो. आपल्याकडेही २०१३च्या कंपनी कायद्यानुसार निदान एक संचालक वर्षात १८२ दिवस भारतात राहिलेला हवा.

तर ज्यांना खरंच काढायची आहे त्यांच्यासाठी. नोंदणी हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे. खरी अडचण बँक खात्याची, कारण वर सांगितलेल्या सगळ्या भानगडींनंतर बँका परदेशात बसलेल्या संचालकाकडे संशयानेच बघतात. दरवर्षी हिशेब आणि माहितीपत्रक भरावं लागतं. धंदा एक पैशाचा नसला तरी. हिशेब उशिरा दिले तर दंड १५० पौंडांपासून सुरू होतो आणि सहा महिन्यांवर गेला तर १,५०० पौंड.

आणि जे एजंट कधीच सांगत नाही ते आपल्या बाजूचं. तुम्ही भारतात राहता आणि परदेशी कंपनीत शेअर घेता, म्हणजे ती परदेशी गुंतवणूक झाली, मग रक्कम १०० पौंड का असेना. ती फेमाच्या २०२२च्या नियमांनुसार बँकेमार्फत, फॉर्म भरूनच करायची. दहा टक्के किंवा जास्त हिस्सा असेल तर दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत कंपनीचा अहवालही बँकेमार्फत रिझर्व्ह बँकेला द्यायचा. आयकर विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचा वेगळा तक्ता असतो, त्यात ही कंपनी आणि तिचं बँक खातं दाखवावंच लागतं. न दाखवल्यास २०१५च्या काळ्या पैशाच्या कायद्यात १० लाखांच्या दंडाची तरतूद आहे. ऑक्टोबर २०२४ पासून २० लाखांपर्यंतच्या, स्थावर सोडून इतर मालमत्तेला त्या दंडातून सूट आहे, पण तक्ता भरायला सूट नाही. आणि कंपनी तिकडची असली तरी सगळे निर्णय इथे सोफ्यावर बसून होत असतील, तर धंदा मोठा झाल्यावर आपलं आयकर खातं विचारू शकतं की ही खरंच परदेशी कंपनी आहे का.

आधी सीए गाठा, मग एजंट. ज्यांनी ब्रिटनमध्ये आधीच कंपनी काढून ठेवलीय त्यांनी ओळख पडताळणीची आपली तारीख कंपनीज हाउसच्या रजिस्टरवर जाऊन आजच बघून घ्या. बघायला पैसे पडत नाहीत.